बाळाची किडनी म्हणजे मोठ्यांच्या किडनीची छोटी कॉपी नसते, म्हणूनच तापाच्या औषधाचा 'अंदाजे' डोस चुकतो

दीड महिन्याची लस. पेंटाव्हॅलंट, सोबत पोलिओ, रोटा आणि बाकीच्या. पहूर असो, जामनेर असो की जळगाव शहर, त्या दिवशी संध्याकाळी बऱ्याच घरांत सेम सीन असतो. बाळाची मांडी सुजलेली, अंग गरम लागतंय, किरकिर थांबत नाही. मग आजी म्हणते, "अवं, त्याले तापाचं औशीद दे ना थोडंसं."

सगळा घोळ या 'थोडंसं' शब्दात आहे.

कारण घरात पॅरासिटामॉल एका रूपात नसतं. ड्रॉप्सची छोटी बाटली असते, मोठ्या भावंडासाठी आणलेलं सिरप असतं आणि बापाच्या डोकेदुखीची ५०० मिलिग्रॅमची गोळी तर असतेच. तिन्हींत औषध एकच. लोकांचा हिशोब असा की माणूस लहान, तर डोस लहान. अर्धा चमचा द्या, नाहीतर पाव गोळी पाण्यात विरघळवा, झालं काम.

पण बाळाचं शरीर म्हणजे मोठ्या माणसाला झेरॉक्स मशीनवर लहान करून काढलेली कॉपी नाही. त्याचं लिव्हर वेगळ्या पद्धतीनं काम करतं. आणि त्याची किडनी जन्मानंतरही कित्येक महिने स्वतःला सेट करत असते. या सेटिंगमधला एक भाग असा आहे ज्याबद्दल डॉक्टर सोडून फारसं कुणी बोलत नाही. तो म्हणजे सल्फेट.

सल्फेट म्हटलं की आपल्या खान्देशात आधी शेत आठवतं. कपाशीवर लाल्या आला की मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी, बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, जमिनीत झिंक कमी असेल तर झिंक सल्फेट. यातला 'सल्फेट' म्हणजे गंधकाचा एक अणू आणि ऑक्सिजनचे चार. अगदी हाच सल्फेट आपल्या रक्तातही फिरत असतो. फक्त तो शेतातल्या गोणीतून येत नाही. आपण जे प्रोटीन खातो त्यात मिथिओनिन आणि सिस्टीन नावाची गंधक असलेली दोन अमिनो आम्लं असतात, ती मोडून शरीर सल्फेट बनवतं. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी खाल्ली तर त्यातूनही बनतं, अंड्यातूनही बनतं.

आता तुम्ही म्हणाल, बनतं तर बनतं, त्याचं करायचं काय?

सल्फेटचं काम दोन प्रकारचं आहे. पहिलं बांधकाम. आपल्या सांध्यांत, नाकात, कानात जी कूर्चा असते, तिच्यात कॉन्ड्रॉइटिन सल्फेट नावाचा पदार्थ असतो. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून कूर्चा दाबली तरी परत जागेवर येते. बाळाची हाडं आधी कूर्चेच्या रूपात वाढतात आणि मग टणक होतात. जन्माच्या वेळी साधारण ५० सेंटीमीटरचं बाळ वर्षभरात ७५ सेंटीमीटरच्या आसपास जातं. म्हणजे एका वर्षात वीतभराहून जास्त. आयुष्यात पुन्हा कधी आपण या वेगानं वाढत नाही. एवढ्या बांधकामाला सल्फेटही तसाच लागतो.

याचा एक भारी पुरावा इतिहासात आहे. वाढीसाठी गरजेचं असलेलं आयजीएफ-१ नावाचं हार्मोन आज सगळे डॉक्टर ओळखतात. पण १९५७ साली अमेरिकेत सॅल्मन आणि डॉघाडे या दोघांनी त्याचा माग काढला, तेव्हा त्याला नाव दिलं गेलं 'सल्फेशन फॅक्टर'. कारण ते मोजायची पद्धतच अशी होती की उंदराच्या कूर्चेत सल्फेट किती शिरतो ते बघायचं. कूर्चेत सल्फेट शिरतोय म्हणजे वाढ चालू आहे, असा सरळ हिशोब.

उलटी बाजूही माहीत आहे. पेशीच्या आत सल्फेट नेणारा एक वाहक जन्मतः बिघडलेला असेल, तर मुलाचे हातपाय आखूड राहतात, पाय वाकडे होतात, सांधे आखडतात. या आजाराला डायस्ट्रोफिक डिस्प्लेझिया म्हणतात आणि त्यामागचा जीन १९९४ साली सापडला. हाच बिघाड फार तीव्र असेल तर बाळ जगतच नाही.

दुसरं काम साफसफाईचं. शरीरात आलेली औषधं आणि काम झालेली हार्मोन्स बाहेर काढायची असतील तर लिव्हर त्यांना सल्फेटची शेपटी लावतं. शेपटी लागली की तो पदार्थ पाण्यात सहज विरघळतो आणि लघवीतून निघून जातो. पॅरासिटामॉल त्यातलंच एक. त्याच्याकडे येऊच, पण आधी किडनी.

किडनी हा सल्फेट सांभाळते कशी?

दिवाळीची साफसफाई आठवा. माळ्यावरचं सगळं सामान आधी खाली काढायचं, मग कामाचं तेवढं परत वर ठेवायचं आणि उरलेलं भंगारात. किडनी नेमकं हेच करते. मोठ्या माणसाच्या दोन किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळून खाली काढतात. त्यातून साखर, मीठ, पाणी, सल्फेट असं कामाचं सगळं परत रक्तात ओढतात आणि जेमतेम दीड-दोन लिटर लघवी करून टाकून देतात.

सल्फेट परत ओढायला किडनीच्या सूक्ष्म नळ्यांत दोन दरवाजे असतात. नळीच्या आतल्या अंगाला 'नास-१', तो सोडियमच्या जोरावर सल्फेटला पेशीत खेचतो. पेशीच्या मागच्या अंगाला 'सॅट-१', तो त्याला पुढे रक्तात सोडतो. नास-१ चा शोध १९९३ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या प्रयोगशाळेत लागला, डॅनियल मार्कोविच आणि हायनी म्युरर यांच्या टीमनं तो उंदराच्या किडनीतून शोधला. सॅट-१ पुढच्याच वर्षी सापडला, तोही आधी उंदराच्या लिव्हरमध्ये. रक्तात सल्फेट किती राहणार, हे मुख्यतः हे दोन दरवाजे ठरवतात.

आता बाळाकडे या. पोटातल्या बाळाला स्वतःचा सल्फेट पुरेसा बनवताच येत नाही, कारण सिस्टीनपासून सल्फेट बनवायची यंत्रणा त्याच्या लिव्हरमध्ये अजून नीट सुरू झालेली नसते. मग तो येतो कुठून? आईकडून. गरोदरपणात आईची किडनी स्वतःचं सेटिंग बदलते, जास्त सल्फेट परत ओढायला लागते आणि शेवटच्या तीन महिन्यांत तिच्या रक्तातलं प्रमाण नेहमीच्या जवळजवळ दुपटीपर्यंत जातं. तिथून वारेतून ते बाळाला मिळतं. गरोदर बाईनं दोन जिवांचं खावं असं घरातल्या बायका म्हणतात. सल्फेटच्या बाबतीत हा दोन जिवांचा हिशोब तिची किडनी कुणी न सांगता ठेवत असते.

मग नाळ कापली जाते. सप्लाय एका मिनिटात बंद.

इथून पुढे बाळाच्या किडनीला स्वतःच्या जिवावर उभं राहायचंय. आणि तिची अवस्था काय असते? नेफ्रॉन, म्हणजे गाळण्याचे युनिट, जन्माआधी ३६ व्या आठवड्यापर्यंत बनून झालेले असतात, सरासरी एका किडनीत दहा लाखांच्या घरात. नंतर नवीन बनत नाहीत. पण बनले म्हणजे पूर्ण ताकदीनं चालले असं नाही. शरीराच्या आकाराचा फरक वजा केला तरी पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाची गाळण्याची क्षमता मोठ्या माणसाच्या जेमतेम पाव असते. पहिल्या दोन आठवड्यांत ती दुप्पट होते आणि साधारण दोन वर्षांची होईपर्यंत मोठ्यांच्या पातळीला येते. लघवी घट्ट करायची ताकदही अर्ध्याच्या आसपास, म्हणून उलट्या-जुलाबात लहान बाळ इतक्या लवकर कोरडं पडतं.

सल्फेटचे दरवाजेही असेच हळूहळू वाढतात. उंदरांच्या पिल्लांत बघितलं तर जन्माच्या वेळी हे दोन्ही वाहक कमी असतात आणि पुढच्या आठवड्यांत वाढत जातात. ऐकायला हे धोक्याचं वाटतं. पण गाळणीच हळू चालली असेल तर खाली काढलेलं सामानही कमी असतं, ते परत ठेवायला दोन हातही पुरतात. गाळणीचा वेग वाढतो तसे दरवाजे वाढतात. पूर्ण दिवसांच्या बाळात ही जोडी छान जमते, इतकी की लहान मुलांच्या रक्तात सल्फेट मोठ्यांपेक्षा जास्तच असतो आणि वय वाढेल तसा तो खाली येतो. हे मोजमाप माँट्रियलमध्ये डेव्हिड कोल आणि चार्ल्स स्क्रायव्हर यांनी १९८० मध्येच मांडलं होतं. थायरॉइड, ग्रोथ हार्मोन, व्हिटॅमिन डी या सगळ्यांचा या दरवाज्यांवर प्रभाव पडतो. आहारात गंधक कमी पडलं तर किडनी दरवाजे वाढवते, हेही उंदरांत दिसलंय.

जोडी बिघडते ती खूप आधी जन्मलेल्या बाळात. ३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांचा सल्फेट पहिल्याच आठवड्यात झपाट्यानं घसरतो. आईकडचा सप्लाय तुटलेला, सलाईनमधून मिळणाऱ्या पोषणात तो फारसा नसतो आणि किडनी जे आहे तेही लघवीत घालवत असते. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या एसएनसीयूमध्ये काचेच्या पेटीतलं एक किलोचं बाळ बघून आपण विचार करतो, 'वजन वाढलं की घरी.' त्याला वजनासोबत हेही उभं करायचं असतं.

आता पॅरासिटामॉल

मोठ्या माणसाचं लिव्हर पॅरासिटामॉल दोन रस्त्यांनी बाहेर काढतं. मोठा रस्ता ग्लुकुरोनाइडचा, म्हणजे साखरेपासून बनलेली शेपटी लावायची. छोटा रस्ता सल्फेटचा. थोडंसं औषध तिसऱ्या, वाईट रस्त्यानं जातं, तिथं विषारी पदार्थ तयार होतो आणि ग्लुटाथायोन नावाचा रक्षक त्याला लगेच गप्प करतो.

नवजात बाळात मोठा रस्ता अजून कच्चा असतो. तोच कच्चेपणा तुम्ही डोळ्यांनी बघितलेला आहे, जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसतं ना, त्यामागे मोठा हात याचाच. बिलिरुबिनलाही हीच शेपटी लावावी लागते. १९५९ साली हा रस्ता बंद असण्याची किंमत जगाला कळली. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून नवजात बाळांना क्लोरॅम्फेनिकॉल दिलं जायचं. ते बाहेर पडेना, साठत गेलं, बाळं राखाडी पडून दगावली. त्याला 'ग्रे बेबी सिंड्रोम' नाव पडलं. मोठ्यांचा डोस लहान करून देणं म्हणजे काय होऊ शकतं, याचं हे पुस्तकातलं उदाहरण.

मग पॅरासिटामॉल बाळाला चालतं कसं? सल्फेटच्या रस्त्यानं. १९७५-७६ च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी नवजात बाळं, मुलं आणि मोठी माणसं यांच्या लघवीत पॅरासिटामॉल कोणत्या रूपात बाहेर पडतं ते तपासलं. नवजात बाळं आणि ३ ते ९ वर्षांच्या मुलांत सल्फेटची शेपटी जास्त सापडली. १२ वर्षांच्या मुलांत आणि मोठ्यांत ग्लुकुरोनाइडची. म्हणजे लहानपणी सल्फेटचा रस्ताच मुख्य हायवे असतो. बाळ हे औषध पचवू शकतं यात लिव्हरइतकाच वाटा सल्फेट धरून ठेवणाऱ्या किडनीचाही आहे.

याची परीक्षा उंदरांवर झाली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या पॉल डॉसन, मार्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नास-१ दरवाजाच नसलेले उंदीर तयार केले. सल्फेट लघवीत वाहून गेला, रक्तातलं प्रमाण प्रचंड घसरलं, उंदीर खुरटे राहिले, त्यांना झटके यायला लागले. पुढे दिसलं की अशा उंदरांना पॅरासिटामॉल दिलं तर त्यांचं लिव्हर जास्त खराब होतं. २०१० मध्ये सॅट-१ नसलेल्या उंदरांतही तेच, वर किडनीत खडे. दरवाजा किडनीत तुटला आणि मार बसला लिव्हरला.

हायवेला मर्यादा असते. सल्फेटचा साठा छोटा आहे, पॅरासिटामॉलचे डोस एकामागून एक आले की तो खाली जातो. मग उरलेलं औषध त्या वाईट रस्त्याकडे वळतं. ग्लुटाथायोन संपलं की लिव्हरच्या पेशी मरायला लागतात. जास्त झालेल्या पॅरासिटामॉलवर दवाखान्यात जो उतारा देतात तो एन-ॲसिटाइल सिस्टीन, म्हणजे परत सिस्टीनच, परत गंधक.

आता घरातल्या तीन वस्तूंकडे जाऊ. बाळाचा पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दीड महिन्याचं बाळ ४ किलोचं धरलं तर ४० ते ६० मिलिग्रॅम.

ड्रॉप्सच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे या बाळाला लागतात ०.४ ते ०.६ मिलिलिटर. सिरप मिळतं त्यात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण २४-२५. त्यातून ६० मिलिग्रॅम हवं तर अडीच मिलिलिटर. आणि आणखी एक सिरप येतं, ५ मिलिलिटरमध्ये २५० वालं, डबल ताकदीचं.

लक्षात घ्या, छोट्या बाटलीतलं औषध चौपट जहाल आहे. लोकांना उलटं वाटतं. 'बाळाचे ड्रॉप्स आहेत म्हणजे सौम्य असणार' असं वाटून सिरपचा अडीच मिलिलिटर हिशोब ड्रॉप्सच्या बाटलीवर लावला, तर पोटात जातात २५० मिलिग्रॅम. हवे होते फार तर ६०. ५०० च्या गोळीचा पाव तुकडा केला तरी १२५, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि हातानं मोडलेला पाव तुकडा खरंच पाव असतो का, हे देवालाच माहीत.

असं एकदा झालं तर बाळाला लगेच काही होईलच असं नाही, तरी डॉक्टरांना फोन करावाच. खरा धोका असतो दर चार-सहा तासांनी तोच चुकीचा डोस दोन-तीन दिवस चालू राहण्यात. तेव्हा तो सल्फेटचा हायवे जाम होतो. आणि लिव्हरची सुरुवातीची लक्षणं म्हणजे उलटी, मलूलपणा, दूध न पिणं. ती तापाचीच समजून घरचे अजून एक डोस देतात.

दुसरी गडबड सर्दीच्या औषधांची. बाजारातल्या अनेक सर्दी-तापाच्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं. वेगळं तापाचं औषधही चालू असेल तर डोस नकळत डबल. २०२५ च्या पावसाळ्याच्या शेवटी छिंदवाड्याची जी मुलं दगावली, ज्यातल्या अनेकांवर उपचार आपल्या नागपुरात झाले, ते सिरप याच प्रकारचं होतं. तिथं किडन्या गेल्या त्या पॅरासिटामॉलनं नाही, सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलं होतं म्हणून. मुंबईच्या जे. जे. मध्ये १९८६ साली १४ रुग्ण दगावले होते तेही याच विषानं. तो गुन्हा वेगळा. पण क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन हे सर्दीचं कॉम्बिनेशन चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं होतं. तरी ते दुकानात सहज मिळत राहिलं.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० पॉइंट ४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर औषधाचा हिशोब घरी करतच बसू नका, थेट दवाखाना. लसीनंतरचा ताप असेल तरी डॉक्टर किंवा सिस्टरला विचारून, वजन सांगून डोस घ्या. ड्रॉप्ससोबत आलेला ड्रॉपर त्याच बाटलीला वापरायचा. घरातला चमचा हे माप नाही, एका घरातले दोन चमचेसुद्धा सारखे नसतात.

हे वाचून कुणाला वाटेल की मग बाळाला सल्फेटच पाजावा का? नाही. वरून दिलेला सल्फेट पोटात पाणी ओढतो आणि जुलाब होतात, एप्सम सॉल्टचा जुना उपयोग तोच. पूर्णेच्या खाऱ्या पट्ट्यातली, ती नदी तापीला जिथं चांगदेवजवळ मिळते तिकडची मंडळी जड पाण्याचा पोटावरचा परिणाम चांगलाच ओळखतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतच सल्फेट असावा, असं भारतीय मानक आहे. बाळासाठी गंधकाचा सोर्स आईचं दूध. गाईच्या दुधाशी तुलना केली तर आईच्या दुधातल्या प्रोटीनमध्ये सिस्टीनचा वाटा जास्त असतो. त्यामुळे सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणी नाही, गुटी नाही, हा सल्ला इथंही बरोबर बसतो.

वजनाचा प्रश्न राहिला. ते शोधायला लांब जावं लागत नाही. आशाताई बाळाच्या जन्मानंतर ठरलेल्या दिवशी घरी येतात, ३ ऱ्या, ७ व्या, १४ व्या, २१ व्या, २८ व्या आणि ४२ व्या दिवशी, आणि वजन करतात. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत उभी राहिली ती आपल्याच गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'मध्ये. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अभ्यास आला, पुढे २०११ पासून ती देशभर सरकारी कार्यक्रम झाली. तो वजनाचा आकडा माता-बाल कार्डावर लिहिलेला असतो. मेडिकलवाल्याला "दीड महिन्याचं आहे" सांगण्यापेक्षा "चार किलो दोनशे" सांगा.

फक्त तो आकडा ताजा हवा. बाळाचं जन्माचं वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट होतं, त्यामुळे दीड महिन्याच्या लसीला चिठ्ठीवर लिहून दिलेला डोस साडेतीन महिन्यांच्या लसीला चालत नाही. त्या वेळी वजन परत करायचं.